पलीकडे ठेवलेला माणूस

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. ऐकीव गोष्ट नाही ही. माझ्या सख्ख्या मेहुण्यावर बेतलेली आहे.

मेहुणा लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा. एका किनाऱ्यावरून निघायचं, पाच राज्यं ओलांडायची. गेल्या वर्षी नऊ जानेवारीला काचेचा माल घेऊन निघाला. वाटेत टायर फुटला, उशीर झाला, आणि तो होता त्या राज्यातला परवाना रात्री बाराच्या ठोक्याला संपला. दोन वाजून दहा मिनिटांनी हद्दीची पाटी दिसली. सुटलो एकदाचा, असं वाटलं त्याला.

पाटीच्या वीस पावलं अलीकडे एक म्हातारा पडला होता. कुणीतरी उडवून गेलं होतं. श्वास चालू होता.

इथे पोलीस बोलावले तर गाडी अडकणार. मेहुण्याने त्याला उचललं, हद्दीपलीकडे नेलं आणि तिकडच्या चौकीच्या दिव्याखाली निजवलं. "ते बघतील," असं स्वतःलाच म्हणाला. म्हाताऱ्याने त्याची बाही धरली.

"पलीकडे नको रे बाबा... घर अलीकडे आहे माझं."

मेहुण्याने बाही सोडवली. निघाला.

चौकीत त्या रात्री कुणीच नव्हतं. नुसता दिवा जळत होता. तिसऱ्या दिवशी नवा परवाना काढून रिकामी गाडी घेऊन परतताना त्याला चहावाल्याकडून कळलं. म्हातारा पहाटे गेला. त्या राज्यात ओळखणारं कुणी नाही, म्हणून बेवारस.

रात्री पुन्हा तीच पाटी. दोन वाजून दहा.

दिव्याखाली कुणीतरी उभं होतं.

मेहुण्याचा पाय आपोआप ब्रेकवर गेला. दार उघडलं. शेजारची सीट दबली. तोच म्हातारा. नुसता हात करत होता... डावीकडे... पुढे... पुन्हा डावीकडे.

एक घर. खिडकीत उजेड. मेहुणा उतरला. दार वाजवायच्या आधीच एक म्हातारी बाहेर आली.

"यांना पाहिलंत का हो कुठे? चौथी रात्र आहे."

मेहुण्याने वळून पाहिलं. सीट रिकामी.

सांगता आलं असतं. तोंडापर्यंत आलं होतं...

"नाही, आजी."

म्हातारीने दार लावलं नाही. तशीच उभी राहिली.

तो गाडीत चढला. किल्ली फिरवायला वाकला, आणि थांबला.

शेजारच्या रिकाम्या सीटचा पट्टा... लावलेला होता.