चुन-ह्वाताईची शीळ

हे मी कुणाकडून ऐकलेलं नाही. माझ्यासमोर घडलंय. खोटं वाटलं तर खुशाल हसा.

कोरियातलं जेजू बेट. मार्चमधला मंगळवार, लख्ख सकाळ.

आम्ही पाणबुड्या बायका. एका दमात समुद्राच्या तळाशी जायचं, शिंपले काढायचे. वर आलं की कोंडलेला श्वास शीळ घातल्यासारखा सुटतो. प्रत्येकीची शीळ वेगळी. चुन-ह्वाताईची बारीक, शेवटी थरथरणारी. चाळीस वर्षं मी तिच्या शेजारी बुडी मारली.

गेल्या वर्षी शहरातल्या एका कंपनीने आमच्या छातीवर पट्ट्या चिकटवल्या. हृदय अडखळलं की कंपनीच्या केंद्रात घंटा वाजणार, तिथून लगेच आमच्या होडीला फोन.

"आता मरायचं तरी यांना विचारून," ताई हसली होती.

त्या मंगळवारी फोन आलाच नाही.

ताई अकरा वाजता सापडली... पालथी, तरंगताना.

घंटा वाजली होती. दहा वाजून बारा मिनिटांनी. केंद्रात बसणाऱ्या योम नावाच्या पोराने ती बंद केली आणि शेरा लिहिला, 'पट्टीत पाणी शिरलं.'

पंधरा दिवसांनी आम्ही चौघी केंद्रात जाऊन त्याच्यासमोर उभ्या राहिलो.

"आजी, बसा ना."

"बसायला नाही आलो, साहेब. घंटा का बंद केलीस?"

"रोज पन्नास खोट्या वाजतात, आजी. पाण्यातल्या माणसांचं यंत्राला नीट कळत नाही."

"मग पट्ट्या कुणासाठी आणल्यास? कोंबड्यांसाठी?"



त्याच्यामागे पडदा होता. पडद्यावर ताईचं नाव. नावापुढे हृदयाच्या ठोक्यांची रेघ... चालू.

ठोके मंदावत होते. मग वाढत होते. पुन्हा मंदावत होते.

बुडी मारल्यासारखे.

"जुनं असेल," मी म्हटलं.

योम वळला. त्याचा चेहरा पांढरा पडला. "नाही, आजी... आत्ताचं आहे."

ताईची पट्टी आम्ही तिच्यासोबत पुरली होती.

त्याने वायर उपटली. पडदा काळा झाला.

आणि त्याच्या खुर्चीमागून...

शीळ.

बारीक. शेवटी थरथरणारी.

चौघींनी ऐकली.

पुढे कंपनीचं पत्र आलं. म्हणे, ताईने पट्टी नीट लावली नव्हती. आम्ही सगळ्यांनी आपापल्या पट्ट्या ओरबाडून काढल्या आणि त्यांच्याच पाकिटात घालून परत पाठवल्या. माझ्या छातीची साल निघाली. निघू दे.

गेल्या महिन्यात योम किनाऱ्यावर आला. नोकरी सोडलेली, गाल आत गेलेले.

"आजी, ती घरातसुद्धा आहे. बाळाच्या खोलीत शीळ येते. तुम्ही सांगा ना तिला... तुमचं ऐकेल ती."

"घंटा वाजली तेव्हा तू ऐकलंस?"

तो मान खाली घालून गेला. मी त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही.

दया आली नाही. अजूनही येत नाही.

पण एक गोष्ट मला खाते. चाळीस वर्षांत चुन-ह्वाताई कुणावर साधी खेकसलीही नव्हती. कुणाच्या लेकराच्या उशाशी जाऊन ती उभी राहणार नाही. मग त्या बाळाच्या खोलीत तिच्या शिळेतून कुणाचा राग जातो?

ती तशी नव्हती.

तशी... मी आहे.