रिकामी दिसणारी बाटली

बसा असे तिण्णैवर, या ओट्यावर, कंदील बारीकच राहू दे. वादिराज माझा साडू, म्हणून खरं तेच सांगतो. कुंभकोणमच्या एका कॉलेजात प्रोफेसर. कोट पांढरा, नखं पांढरी, हाताला कामाचा डाग म्हणून नाही. काम करायची ती तुळसी, त्याची विद्यार्थिनी. आठ महिने एका बाटलीची वाट बघून पोर काविळीनं गेली.

१९९४, जानेवारीची अकरा तारीख, मंगळवार. तुळसीचं तेरावं. गृहस्थ तिच्या घरी पोटभर जेवला, ढेकर दिली आणि तसाच स्टँडवर गेला, मद्रासच्या बसनं येणारा खोका उतरवून घ्यायला. खोक्यात बर्फ, बर्फात ती बाटली. आत माणसाच्या शरीरात असतं तसलं प्रोटीन, पण जंतूंकडून बनवून घेतलेलं, फक्त प्रयोगासाठी. तुळसीनं प्रयोगासाठी वाढवलेल्या पेशी प्रयोगशाळेच्या शिपायानं, स्वामीनाथनं, बारा दिवस जगवल्या होत्या. त्या रात्री त्यांना ते दिलं नाही तर त्या मरणार. दिलं की प्रयोग पुरा, आणि शोधनिबंध वादिराजच्या एकट्याच्या नावावर. "मेलेली मुलगी काय भांडायला येते?" असं मला तोंडावर म्हणाला होता. जनाची नाही, मनाचीही नाही.

सव्वा अकराला प्रयोगशाळेत एकटा. बाटली दिव्यासमोर धरली. आत काही दिसेना. हे प्रोटीन इतकं थोडं असतं की काचेला चिकटलं की दिसतच नाही. यंत्रात गरगर फिरवून तळाला आणावं लागतं. स्वामीनाथला हे ठाऊक. प्रोफेसरला नाही. "फसवलं, रिकामीच पाठवली," म्हणत त्यानं बाटली कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि दिवा मालवला.

दारापाशी पोचला.

मागं यंत्र सुरू झालं.

घूं... घूं... मग थांबलं. झाकण उघडल्याचा आवाज.

"स्वामीनाथा?"

काच काचेला लागली. अगदी हलके. कोणी थेंब मोजत होतं...

"तुळसी?... अम्मा..."

कामात असली की ती कधीच बोलायची नाही.

चपला तिथंच टाकून हा आमच्या या साक्कोट्टै गावापर्यंत पळत आला, माझ्या याच दाराशी. खरं सांगतो, मला कीव आली नाही.

सकाळी स्वामीनाथला घेऊन आम्ही गेलो. पेशी जिवंत. बाटली रिकामी, आता खरोखरची. टेबलावर तुळसीची वही उघडी. असल्या वहीत रोजच्या कामाखाली दोन सह्या लागतात, एक करणाऱ्याची, एक साक्षीदाराची. पानावर तारीख अकरा जानेवारी. करणारी, तुळसी. स्वामीनाथनं अक्षर ओळखलं आणि तोंडावर हात ठेवला.

साक्षीदाराच्या जागी वादिराजची सही. त्याचीच, शेपटासकट.

"अण्णा, देवाशपथ... मी वहीला हात लावला नाही."

मी सहीवरून बोट फिरवलं. शाई ओली होती.