पाणी लागलं की वाजतं

त्या दुपारी धाकटी निघाली ती नेहमीच्याच कामाला. शहरात नवी हलकी रेल्वे येणार होती. रेल्वे ज्या रस्त्यांवरून जाणार होती, तिथे जमिनीत खोल भोकं पाडून माती तपासून झाली होती, आणि काही भोकांत भूजलाची पातळी बघण्यासाठी नळ्या सोडून ठेवल्या होत्या. झाकण काढायचं, चकरीवरची मोजपट्टी आत सोडायची. पट्टीच्या टोकाला बोटभर धातूची कांडी असते. ती पाण्याला टेकली की चकरी 'टीं' वाजते. आकडा टिपायचा, पट्टी गुंडाळायची, पुढची नळी. डुलक्या काढत करावं असं काम.

पण धाकटीला कुठलंच काम सावकाश जमत नसे. कॉलेजातून बाहेर पडल्यापासून तिला हे शहर बदलायचं होतं, आणि तेही शक्यतो याच आठवड्यात. रेल्वे रुंद रस्त्याने न्यायचं ठरत होतं, तेव्हा भर बैठकीत ती उठून म्हणाली होती, "ज्यांच्या दारात दोन-दोन गाड्या उभ्या, त्यांच्या दारात तिसरी नेऊन काय साधणार? जे रोज तासभर पायपीट करतात त्यांच्या गल्लीतून न्या." भांडभांड भांडली आणि जिंकली. त्या गल्लीत तिची ताईही राहायची. आई गेल्यावर शिवणयंत्र चालवून तिला वाढवणारी, शिकवणारी ताई. गल्लीतली शेवटची नळी ताईच्याच परसात होती.

झाकण काढून तिने पट्टी सोडली. टीं. आकडा वाचायला वाकली, तर आवाज बंद. पट्टी हलली नव्हती. तिने ती जरा आणखी सोडायला हात लावला, एवढ्यात पुन्हा टीं. मग शांत. मग टीं.

पाणी वर येत होतं, खाली जात होतं. शेजारी कुठे पंप चालू असेल म्हणून ती कुंपणापलीकडे डोकावली. पंप नव्हता. नळ गळत नव्हता. परसात उन्हाने तापलेल्या मातीचा वास होता, आणि नळीच्या तोंडातून येणारा दुसराच एक, गार, झोपेतून उठलेल्या माणसाच्या अंथरुणाला येतो तसा.

चकरी तशीच ठेवून ती आत गेली. ताई खिडकीशी खुर्चीत पेंगत होती. मांडीवर अर्धवट शिवलेला सदरा.

"दिवसाढवळ्या झोपा? तू?" धाकटी म्हणाली.

"अगं, तुमची ती नळी बसल्यापासून काय झोप लागते मला! इतकी वर्षं रात्र रात्र डोळा लागत नव्हता. तुमच्या रेल्वेचा एवढा तरी फायदा." ताईने जांभई दिली. "बस जरा. चहा टाकते. का घाईबाईंना चहालाही वेळ नाही?"

ती बसली. पण ताई उठलीच नाही. बोलता बोलता तिची मान पुन्हा कलली. खिडकीतून आवाज येत राहिला. टीं... शांत... टीं... आणि धाकटीची नजर ताईच्या छातीवर थांबली. ताईची छाती वर आली की चकरी वाजत होती. खाली गेली की थांबत होती.

"ताई!"

"ओरडतेस काय? घाबरवलंस की मेले!" ताई दचकून हसली, आणि बाहेर चकरी वेडीवाकडी, तुटकतुटक वाजली. हसल्यासारखी.

"ताई... जरा श्वास रोखून धर."

"आता हे काय नवीन?" पण तिने गाल फुगवून श्वास धरला, लहानपणी धाकटीला हसवायला धरायची तसा. परसात चकरी गप्प झाली. गल्लीच गप्प झाल्यासारखी वाटली. मग ताईने हुश्श केलं, नवा श्वास घेतला...

टीं.

'योगायोग,' धाकटीने स्वतःला बजावलं. दिवसभर बजावत राहिली. तसंही खांबांसाठी खोदणारं मोठं यंत्र येण्याआधी प्रत्येक भोक बुजवायचंच असतं. नाहीतर खोदकामाच्या हादऱ्यांनी खालचं पाणी त्याच वाटेने उसळतं, माती घेऊन वर येतं, आणि आजूबाजूची घरं खचतात. मग आजच का नको? दुसऱ्या दिवशी सकाळीच तिने भोकं पाडणाऱ्या मिस्त्रीला आणलं. चकरी खटका बंद करून पिशवीत टाकली.

"मॅडम, साइटवर आल्या की घड्याळसुद्धा पळायला लागतं बघा," मिस्त्री हसला. त्याने रबरी पाइप नळीच्या तळापर्यंत सोडला आणि सिमेंटचं पातळ कालवण आत ढकलायला सुरुवात केली. खालून वर, हळूहळू, मध्ये हवा अडकू नये म्हणून.

घरात काहीतरी आपटलं.

ताई शिवणयंत्राशेजारी जमिनीवर पडली होती. ओठ निळे, डोळे उघडे, हात गळ्याशी. तोंड उघडत होती, पण आत काहीच जात नव्हतं.

"बंद करा! पाइप काढा! आधी ते बंद करा!"

मिस्त्रीने पंप थांबवून पाइप उपसला. अर्धवट भरलेलं कालवण खाली घसरून गेल्यासारखा आवाज आला, आणि ताईच्या घशातून घर्रकन श्वास आत गेला.

"छातीवर... कुणी बसलं होतं गं," बऱ्याच वेळाने ताई म्हणाली.

"दमा असणार," मिस्त्री हात पुसत म्हणाला. "सिमेंटची धूळ बाधते काहींना. डॉक्टरला दाखवा." डॉक्टरांनी तपासलं. दमा नव्हता.

धाकटी साहेबांच्या टेबलापुढे उभी राहिली. मार्ग थोडा सरकवा म्हणाली. कारण विचारलं, तेव्हा तिला कारण सांगता येईना.

"तुम्हीच भांडून मार्ग तिथे नेलात," साहेब शांतपणे म्हणाले. "आता बहिणीला खोकला आला, मिस्त्रीने सांगितलं मला, म्हणून रूळ हलवू? सोमवारी यंत्र येतंय. भोक उघडं राहिलं तर अख्खी गल्ली खाली जाईल, हे मी तुम्हाला शिकवायचं का?"

शिकवायची गरज नव्हती. भोक बुजवलं तर ताई. नाही बुजवलं तर गल्ली. खोलीत येरझाऱ्या घालून तिला एकच वाट सुचली: ताईलाच तिथून हलवायचं. लांब, तिसऱ्या मजल्यावरच्या आपल्या घरी, मातीपासून जमेल तेवढं दूर.

"तुझ्या त्या काडेपेटीत माझं शिवणयंत्र कुठे मावणार?" ताई कुरकुरली. पण आली.

सोमवारी धाकटी परसात उभी होती, फोन कानाला. "ताई, बोलत राहा. काहीही बोल."

"काय बोलू? तुझ्या स्वयंपाकघरात धड एक झारा नाही. मीठ कशात ठेवलंयस ते देव जाणे..."

बुजवण्याआधी पातळी एकदा मोजावी लागते. तिने पट्टी सोडली. टीं. तिने पट्टी भराभर गुंडाळली, चकरी तशीच पिशवीत कोंबली आणि मिस्त्रीला खूण केली. कालवण आत गेलं. वर आलं. नळीच्या तोंडाशी राखाडी बुडबुडा फुटला आणि पृष्ठभाग सपाट झाला.

फोनवर ताई एकदा खोकली.

"ताई?"

"काही नाही गं, दोरा तोडताना धागा गेला तोंडात. तर मी काय सांगत होते... तुझे डबे..."

धाकटी कुंपणाला टेकून हसली, मग रडली. मिस्त्रीने तोंड फिरवलं. गल्लीच्या टोकाला मोठं यंत्र सुरू झालं. जमीन थरथरली, आणि एकाही घराला तडा गेला नाही. तिची रेल्वे येणार होती.

दिवेलागणीला ती घरी पोचली. पिशवी खुंटीला अडकवली. ताई पलंगावर गाढ झोपली होती. धाकटीने चहाचं आधण ठेवलं, आणि मागून आवाज आला.

टीं.

तिने वळून पाहिलं. पिशवी. चकरीचा खटका बंद करायचाच राहिला होता. तिने चकरी बाहेर काढली. कांडी बोटांनी चाचपली, पदराने पुसली. कोरडी ठाक. कोरडी कांडी वाजत नसते. पाणी लागलं तरच वाजते.

टीं... शांत... टीं...

नेहमीच्या उतावळेपणाने तिने खटका दाबला. आवाज बंद झाला.

पलंगावर ताईची छाती खाली गेली, आणि वर आलीच नाही.

एक क्षण. दोन. ओठांवर निळसर छटा उतरली. धाकटीने नखाने खटका पुन्हा वर ढकलला. टीं... आणि ताईने श्वास घेतला, कूस बदलली, उशीत पुटपुटली, "आज फार दमलीस गं, घाईबाई. बस की जरा..."

ती बसली. चकरी मांडीवर घेऊन, अगदी न हलता. आधण उकळून आटून गेलं. खिडकीबाहेर अंधार पडला.

तेव्हा तिला चकरीच्या कडेचा बारीक लाल दिवा दिसला. सेल उतरला की लागतो तो. नवे सेल शेजारच्याच खणात होते. पण नवा घालायला आधी जुना काढावा लागतो.

टीं, चकरी वाजली. मघापेक्षा जराशी हळू.