कंदीलवाल्याचा शेवटचा दरवाजा

चारकोपच्या औद्योगिक वसाहतीत रिक्षा बंद पडली नसती, तर नेत्राला ती पाटी दिसलीच नसती – 'जुने व्हिडिओ गेम दुरुस्त करून मिळतील'. दुसऱ्याच दिवशी तिने माळ्यावरून लहानपणीच्या गेमची, कंदीलवाल्याची, कॅसेट शोधून तिथे नेऊन दिली. खोक्यावरचं नाव जपानी, कुणालाच वाचता यायचं नाही. हातात कंदील घेऊन बोगद्यांतून धावणारा पोरगा, म्हणून तिच्या लहानपणी खारदांड्याच्या मुलांनी त्याला कंदीलवाला करून टाकलं होतं.

शनिवारी ती कॅसेट घ्यायला आली. दुकानातल्या टीव्हीवर लावून बघितली आणि भडकलीच.

"माझा गेम कुठाय?"

"हा काय... झकास चालतोय," सम्यक म्हणाला. दुकान त्याचंच. चष्मा कपाळावर, बोटांवर सोल्डरिंगचे डाग. "खाऱ्या हवेने पट्ट्या गंजल्या होत्या, त्या घासल्या. आतली बॅटरीपण बदलली, आपणहून."

"कोणी सांगितलं होतं तुम्हाला? त्या बॅटरीवर माझा गेम सेव्ह होता! शेवटच्या दरवाजापाशी. दहावीला आईने काढून घेतला, तेव्हापासून तो पोरगा तिथे उभा होता. आत काय आहे ते मला अजून माहीत नाही – आणि तू त्याला पुसून टाकलंस!"

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, ते तिच्या लक्षातही आलं नाही. त्याच्या आलं.

"वाट लागली," तो हळूच म्हणाला. "बघायला हवं होतं मी." मग त्याने एक रिमोट तिच्यापुढे सरकवला. "पहिल्यापासून खेळायचं? दुसरा मी घेतो."

"तुझ्याबरोबर? शक्यच नाही."

पण पहिल्या बोगद्याची ती टिंगटिंग धून वाजली, आणि तिचे अंगठे तिला न विचारताच चालू लागले. तिसऱ्या खांबामागची छुपी शिडीसुद्धा त्यांना आठवत होती! तिला हसू आलं. ते तिने तोंड फिरवून लपवलं.

मग ती दर शनिवारी येऊ लागली. येताना रागावलेलीच.

"हा पंखा आहे की शोभेची वस्तू? किती उकडतंय!"

"तू आलीस की तोही घाबरतो."

"फालतू जोक मारू नकोस, उडी मार!"

तो उडी मारायचा आणि खड्ड्यात पडायचा. एक पडला की दोघांनाही बोगद्याच्या तोंडाशी परत जावं लागे. शेवटचा दरवाजा दिसायचा, अगदी हाताशी यायचा... आणि सम्यक पडायचा.

त्या शनिवारी तिने टीव्हीकडे बघितलंच नाही. त्याच्या अंगठ्याकडे बघितलं. अंगठा बटणावर नव्हताच.

"तू मुद्दाम पडतोस!"

त्याने कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला.

"बोल ना!"

"दरवाजा उघडला की गेम संपणार," तो पडद्याकडे बघत म्हणाला. "मग... तू कशाला येशील?"

"मूर्ख आहेस का रे?" तिचा आवाज चढला. "इतकी वर्षं मी त्या दरवाजाबाहेर ताटकळले, आणि आता तू अडवतोस? मला न विचारता बॅटरी बदललीस, मला न विचारता हरतोस. एकदा तरी विचार ना मला काहीतरी!"

बाहेर कुठलं तरी यंत्र खडखडत थांबलं.

"गेम संपल्यावरही... येशील?"

"आधी उडी मार."

त्याने मारली. नीट. दरवाजा उघडला. आत राक्षस नव्हता, खजिना नव्हता. पहाट होत होती. कंदीलवाल्याने फुंकर मारून कंदील विझवला आणि गवतावर बसला.

"एवढ्यासाठी?" नेत्रा म्हणाली. डोळे भरून आले, म्हणून तिला अजूनच राग आला. "एवढ्यासाठी थांबले होते मी?"

ती बराच वेळ त्या पहाटेकडे बघत राहिली.

"दुसरा भाग आहे तुझ्याकडे?"

"दुसरा, तिसरा... चौथापण आहे."

"मग लाव ना, बघत काय बसलास? आणि सम्यक – बॅटरीला हात लावलास तर याद राख."

"बॅटरीला नाही लावत," तो म्हणाला, आणि भीतभीत तिच्या हातावर हात ठेवला.

तिच्या कपाळावर आठी होती. हात मात्र तिने काढला नाही.