दारामागची खुंटी

आमच्या कारखान्यात कोट शिवतात. तळमजल्यावर कापणीचे लांब टेबल, खिडकीच्या बाजूला शिलाईयंत्रांची रांग, मागे इस्त्रीची जागा आणि तिला लागून मापाची खोली. वरच्या मजल्यावर आमचे राहते घर. सासऱ्यांनी हा कारखाना काढला, यजमानांनी वाढवला आणि ते गेल्यावर मी चालवला. चालवला म्हणजे कसा, ते माझ्या हाताखाली काम केलेल्या कोणालाही विचारावे.

तयार झालेला प्रत्येक कोट माझ्या नजरेखालून जाई. पसंत पडला तर मी काही बोलत नसे. नाही पडला तर पाठीवर, डाव्या खांद्याखाली, पांढऱ्या खडूने फुली मारत असे. माझ्या फुलीचे एक टोक गळासारखे वाकते, हाताची सवय. फुली पाठीवरच का, तर शिवणारे कोट अंगावर चढवून आरशापुढे स्वतःवरच खूश होतात. त्यांना ती दिसू नये, बाकीच्यांना दिसावी.

फुलीचा कोट कारखान्याबाहेर जात नाही. मापाच्या खोलीच्या दारामागे खुंट्या आहेत, त्यांतल्या शेवटच्या खुंटीवर तो लागतो. सवड झाली की उसवतात आणि कापड आतल्या पट्ट्यांना, खिशांना वापरतात. उसवायला डाव्या बाहीपासून सुरुवात करायची. उजवी बाही आमच्याकडे सर्वांत आधी जोडतात, म्हणून ती शेवटी सुटते. हा शिरस्ता मीच घालून दिला आहे.

माझी मुलगी, जावई आणि नात यांचे समुद्रापलीकडे कायमचे जायचे ठरले, तेव्हा मुलगी म्हणाली, "आई, तुला घेतल्याशिवाय मी पाऊल उचलणार नाही."

"मला काय धाड भरली आहे? जा तुम्ही," मी म्हणाले.

हे खोटे होते. मला जायचे होते. नातीच्या वेण्या दुसऱ्या कोणी घालाव्यात, हे मला सोसणार नव्हते. पण आमच्याकडे मागण्याची पद्धत नाही.

आड आला माझा रक्तदाब. डॉक्टरीणबाई आल्या, पट्टा आवळला, आकडा पाहिला आणि मान हलवली. "आजी, अशा अवस्थेत विमानात बसायची परवानगी मी देणार नाही."

"आजी मी माझ्या नातीची. तुम्ही उपाय सांगा."

त्या हसल्या. वयाने लहान, पण धीट बाई. "गोळ्या चालू ठेवा आणि रोज ध्यान करा. डोळे मिटून बसायचं, श्वासाकडे नुसतं बघायचं. मन स्थिर झालं की दुसऱ्या कुणाकडे बघावं तसं स्वतःकडे बघा. आपल्यात काय चांगलं आहे, काय नकोसं आहे, ते तपासा. नको असेल ते बाजूला ठेवा."

"तपासणं मला शिकवू नका. जन्म त्यात गेला," मी म्हणाले. "पण बाजूला ठेवलेलं जातं कुठं?"

"जाईल कुठंतरी. तुम्हाला काय करायचंय?"

मला उत्तर पटले नाही. आमच्या कारखान्यातून काहीही 'कुठंतरी' जात नाही. तरीही मी बसू लागले.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत यंत्रे थांबतात. तेव्हा मापाच्या खोलीत शांतता असते. तिथे तीन झडपांचा आरसा आणि त्याच्यापुढे गिऱ्हाइकाची खुर्ची. अंगात माझा नेहमीचा राखाडी कोट. यजमानांनी कापलेला तो शेवटचा. मी डोळे मिटले. गरम लोकरीचा वास, नळाचे थेंब, भिंतीपलीकडे कोणाचेसे खोकणे. मग हळूहळू तेही मागे पडले आणि समोर एक पाठ दिसू लागली. राखाडी कोटातली, ताठ. माझीच. स्वतःची पाठ मी तोवर कधी पाहिली नव्हती.

मी तपासू लागले. पहिला दिसला तो उतावळेपणा. मनातल्या मनात फुली मारली. दुसऱ्या दिवशी तुसडेपणा. मग दाराला कडी घातली की नाही हे पाहण्यासाठी तीनतीनदा जिना उतरण्याची खोड. डोळे उघडले की अंग हलके वाटे. झोप लागू लागली. आकडा उतरू लागला. मुलगी स्वयंपाकघरात गुणगुणायला लागली.

एकदा ध्यानातून उठले, तर उजव्या हाताच्या बोटांना खडूची पूड लागलेली होती. त्या दिवशी मी खडूला हात लावलेला नव्हता. मी बोटे पुसली. कारखान्यात खडू कुठे नसतो?

मग मास्तर. हे आमचे मुख्य कापणारे, माझ्या लग्नाआधीपासूनचे. एका दुपारी मी ध्यान आटोपून बाहेर आले, तर ते एका कोटाची कॉलर हातात धरून माझ्याकडे पाहत राहिले.

"काय झालं, मास्तर? भूत पाहिलंत?"

"नाही, बाईसाहेब. आत्ता तुम्ही म्हणालात, कॉलर सुरेख बसली आहे."

"मी?"

"हो. इथं उभ्या राहून. पाठ थोपटलीत माझी." ते कानाला हात लावून म्हणाले, "इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. मी म्हटलं, माझी वेळ जवळ आली बहुतेक."

यंत्रांवरच्या बायका खुदखुदल्या. मी कॉलर पाहिली. टोकाशी चिमटीभर चूण होती. मी फुली मारली. पण माझा आवाज मलाच जरा लांबून आल्यासारखा वाटला आणि मास्तरांनी मान वर केली नाही.

संध्याकाळी नातीला गोष्ट सांगायला बसले, तर ती म्हणाली, "आजी, तीच काय परत? दुपारी सांगितलीस की. आणि तेव्हा तू अस्वलाचा आवाज पण काढलास."

मी जन्मात कधी अस्वलाचा आवाज काढलेला नाही.

कोणाला काही बोलले नाही. काय बोलणार? घर हसत होते. मुलगी माझ्यापाशी येऊन टेकू लागली होती, लहानपणी टेकायची तशी. हे सारे ज्या कोणाच्या पुण्याईने चालले होते, तिच्याविषयी मी तक्रार कशी करावी?

जायचा दिवस जवळ आला. डॉक्टरीणबाईंनी पट्टा आवळला. "जवळजवळ झालंच आहे. पण आकडा अजून थोडा वर आहे. आजी, मनात काहीतरी घट्ट धरून ठेवलंय तुम्ही. ते सोडा, की मी सही करते."

मुलीने माझ्याकडे पाहिले. तिच्या डोळ्यांत आर्जव होते. ते पाहून मी दुपार होण्याचीही वाट पाहिली नाही. कारखाना चालू असतानाच मापाच्या खोलीत गेले, दार लावले आणि बसले.

पाठ दिसली. आता ती बरीच स्वच्छ झाली होती. मी वरपासून खालपर्यंत नजर फिरवली. काही राहिले नव्हते. फक्त मानेपाशी, कॉलरच्या आत, कोणाची तरी ऊब होती.

ती मी ओळखली. रोज सकाळी खाली उतरताना यजमान माझी कॉलर सारखी करत. नुकती इस्त्री सोडलेली असे, त्यामुळे बोटे गरम असत. एक शब्द बोलत नसत. ते गेल्यानंतर मी रडले नाही, कारखाना उघडला. ती ऊब मात्र मी मानेपाशी धरून ठेवली होती, इतकी वर्षे, कोणाच्या नकळत.

हात थांबला. हा दोष नाही, असे मला वाटले. मग नातीच्या वेण्या आठवल्या.

मी फुली मारली.

डोळे उघडले तेव्हा मी खुर्चीत नव्हते. दारामागे उभी होते, भिंतीला पाठ लावून.

खुर्चीतली उठली. आरशात पाहून तिने केस सारखे केले. कपाळावर एकही आठी नव्हती. "किती उकडतंय," असे म्हणत तिने राखाडी कोट काढला आणि माझ्या दिशेने आली. तिच्या अंगाला माझ्या साबणाचा वास होता. तिने कोट शेवटच्या खुंटीवर अडकवला आणि दार उघडून ती यंत्रांच्या आवाजात निघून गेली.

तिने माझ्याकडे पाहिले नाही. मुद्दाम टाळले असेही नाही. खुंटीवरून फिरावी तशी तिची नजर माझ्यावरून फिरली.

मी हाक मारली. यंत्रे चालू होती. नंतर ती थांबल्यावरही मारली.

खोलीबाहेर मला जाता आले नाही. पुढचे सारे मी दारामागून ऐकले. सही झाल्याचे. नातीने उड्या मारल्याचे. वर पेट्या ओढल्याचे.

निघण्याच्या आदल्या दिवशी मुलगी तिला घेऊन या खोलीत आली. मुलीच्या हातात वडिलांचा काळा कोट होता.

"आई, बाबांचा कोट न्यायचा ना?"

"कशाला ओझं? देऊन टाक कुणाला तरी."

मुलीने कोटाच्या खांद्यावरून हात फिरवला. मग हळूच म्हणाली, "रोज ब्रश करायचीस तू त्याला."

"हो का?" ती गोड हसली.

मुलगी तिच्या तोंडाकडे पाहत राहिली. मी दारामागे ओरडत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी आली. ती नव्या निळ्या कोटात होती. दारात थांबून ती मास्तरांना म्हणाली, "तो राखाडी कोट मला आता बसत नाही. उसवून टाका, कापड कामी येईल."

"बाईसाहेब, तो साहेबांच्या हातचा आहे."

"म्हणून तर कापड चांगलं असेल."

ती गाडीत बसली. नातही बसली.

मुलगी मात्र काहीतरी विसरल्यासारखी परत आत आली. मापाच्या खोलीत उभी राहिली. इकडेतिकडे पाहिले. मग दारामागे आली आणि खुंटीवरच्या कोटात तिने तोंड खुपसले.

"आई," ती म्हणाली.

मी हात उचलला. बाही जराशी हलली.

बाहेर भोंगा वाजला. ती डोळे पुसत गेली.

मास्तरांनी कोट लगेच उतरवला नाही. दोन-चार दिवस येता-जाता त्याला हात लावून पाहत राहिले. आज दुपारी खाली काढला आणि दाराच्या फटीतून मला दिसणाऱ्या टेबलावर पालथा पसरला. पाठीवर डाव्या खांद्याखाली फुली होती. एक टोक गळासारखे वाकलेले. त्यांनी ते पाहिले, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पाहिले. हात माझा आहे, हे त्यांना सांगावे लागले नाही. माझ्या फुलीवर त्यांनी आजवर कधी हुज्जत घातली नव्हती. आताही घातली नाही.

भिंतीपलीकडे उसवायच्या सुरीचा आवाज येतो आहे. टाक्यामागून टाका, न घाई करता, मी शिकवले तसा.

डाव्या हाताची बोटे सकाळी होती.

उजवी बाही शेवटी सुटते, म्हणून एवढे लिहून झाले.