पेट्रोल पंपाजवळचा खड्डा

तोंडात बोळा, वरचा ओठ बधिर, आणि हनुवटीवरून लाळ ओघळतेय की नाही तेही कळत नाही... अशा अवस्थेत मी त्याला पहिल्यांदा पाहिलं.

दातांच्या दवाखान्यातल्या बाकावर तो आईचा हात धरून बसला होता. पुढचा नंबर त्या काकूंचा, आणि त्या चपला शोधत होत्या.

"यांना जरा सांगाल का," तो मला म्हणाला, "फार दुखतं का?"

बोलायची सोय नव्हती. मी सूचनांच्या कागदामागे लिहिलं : सुई टोचते तेवढंच. मग दाब आणि यंत्राची घरघर. नव्या दातासाठी हाडात स्क्रू बसला तरी कळत नाही.

काकूंनी ते दोनदा वाचलं. "आणि तुझा दात गं कसा गेला, एवढ्या तरण्या वयात?"

मी लिहिलं : स्कूटरवरून पडले. माझ्या रोजच्या वाटेवर, पेट्रोल पंपाजवळच्या वळणावर खड्डा आहे.

खरं म्हणजे मी पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत काम करते. एका बाटलीचं बूच निघेना, म्हणून ते समोरच्या दाताने ओढलं. दात मुळाशी मोडला. वर भिंतीवर सूचना होती, 'तोंडाने काहीही उघडू नये.' अक्षर माझंच. त्या लाजेपायी घरीदारी मी स्कूटरची गोष्ट सांगत सुटले होते. रीडिंग तीनदा घेतल्याशिवाय वहीत न लिहिणारी मी, खोटं मात्र एका दमात लिहून मोकळी झाले.

तिसऱ्या दिवशी ओठ टम्म सुजला, मग उतरत गेला. आठवडाभर गार, मऊ खाणं; नळीने काही ओढून प्यायचं नाही. दहाव्या दिवशी टाके काढायला गेले, तर तो आणि काकू तिथेच. मला तोवर काढता-घालता येणारा तात्पुरता दात मिळाला होता. तरी बोलताना हात आपोआप तोंडावर गेला.

"लपवता काय? आमच्या मातोश्री अख्ख्या गल्लीला टाके दाखवून आल्या," तो म्हणाला. काकूंनी त्याला कोपर मारलं.

बोलता बोलता कळलं, तो वजनकाटे तपासायचं काम करतो आणि पुढच्या महिन्यात आमच्या प्रयोगशाळेत येणार आहे. मला बरं वाटलं. अगदी नको तेवढं बरं वाटलं. मग तो सहज म्हणाला, "त्या खड्ड्याची मी नगरपालिकेत तक्रार केलीय हं."

तेव्हाच सांगायला हवं होतं... मी नुसती मान हलवली.

तो प्रयोगशाळेत आला तेव्हा मी मास्क लावून बसले होते. काट्याजवळ श्वाससुद्धा जपून घ्यावा लागतो. चिमट्याने इवलीशी वजनं ठेवत, आकडा स्थिरावायची वाट बघत तो हळू आवाजात सांगू लागला. तक्रारीला उत्तर आलं होतं, तिथे खड्डाच नाही म्हणून. मग तो स्वतः सकाळी टेप घेऊन वळण पालथं घालून आला होता.

"मलाही सापडला नाही. पण तुमचं चुकायचं नाही. तुम्ही मोजमापातल्या. मी परत अर्ज टाकलाय."

माझे कान तापले. मी मास्क काढला. तात्पुरता दात काढून तळहातावर ठेवला.

"खड्डा नव्हता कधीच," मी म्हणाले. मोडक्या उच्चारात सगळं सांगितलं. बूच, बाटली, आणि बोटाने वरची सूचनाही दाखवली.

त्याने ती वाचली. मग एकेक वजन पेटीत ठेवत राहिला. फार वेळ.

"मी रस्त्यात ओणवा होऊन टेप धरत होतो. लोक थांबून बघत होते."

"हो..."

"मला राग आलाय."

"यायलाच हवा."

त्याने पेटी बंद केली. "पण मी का शोधत होतो ते विचारलं नाहीत. तुम्ही रोज त्याच वळणावरून जाता... म्हणून."

मी तळहातावरचा दात डबीत ठेवला.

"उद्या अर्ज मागे घ्यायला चला," तो दाराकडे जात म्हणाला. "कारण तुम्ही लिहायचं."

दुसऱ्या दिवशी नगरपालिकेच्या खिडकीपाशी उभं राहून मी लिहिलं : खड्डा नव्हता. दात बाटलीचं बूच काढताना मोडला. लाज वाटली म्हणून खोटं बोलले.

पलीकडच्या बाईंनी वाचून चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "नवीन कधी बसणार मग?"

"तीन-चार महिने," मी म्हणाले. "हाडाने स्क्रू घट्ट धरला की मग वर दात."

"तोवर मी आहे सोबत," तो शेजारून हळूच म्हणाला, "बाटल्यांची बुचं काढून द्यायला."

मला हसू फुटलं. तात्पुरता दात पर्समधल्या डबीत होता, आणि हात तोंडाकडे निघाला होता. तो मी तिथेच खाली घेतला... त्याच्या हाताशेजारी.