हललो नाही, बाई

यात माझ्या पदरचं काही नाही. घडलं माझ्या आत्याच्या बाबतीत, तेही भरदुपारी, गजबजलेल्या दवाखान्यात.

आत्या ईसीजी काढते. हात सफाईदार, जीभ तिखट.

त्या दिवशी खाटेवर एक म्हातारे शिंपीकाका होते. मशीनमधून कागदाची पट्टी छान येत होती आणि मध्येच... रेघ वेडीवाकडी झाली. नुसती गिचमिड!

"हलू नका हो काका! शिलाई मशीनवर बसलायत का?"

पडद्यापलीकडे रांगेतली माणसं हसली. काका ओशाळले.

"हललो नाही, बाई."

पेशंट हलला की रेघ बिघडते, हे आत्याचं रोजचंच. तिने पट्टी चुरगळून टोपलीत टाकली. दुसरी काढली. ती स्वच्छ आली. डॉक्टरांनी तेवढीच पाहिली आणि काकांना घरी सोडलं.

संध्याकाळी काका हार्ट अटॅकने गेले.

रिपोर्ट मागायला त्यांची सून आली. म्हणाली, "शेवटपर्यंत हात मांडीखाली दाबून बसले होते. 'खरंच हललो नव्हतो गं,' एवढंच म्हणत होते."

आत्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण टोपलीतल्या पट्टीबद्दल तोंडातून शब्द फुटला नाही.

दुसऱ्या दिवशी ती खोलीत एकटीच होती. खाट रिकामी. मशीन बंद.

...खर्र.

पट्टी बाहेर येत होती. रेघ नीट... नीट... आणि मग तीच गिचमिड.

आत्याची किंकाळी ऐकून सिस्टर धावल्या. तिला घाम फुटलेला पाहून त्यांनी तिचाच ईसीजी काढला. आत्या श्वास रोखून पडून राहिली. तरीही... तीच रेघ.

डॉक्टर म्हणाले, "हललात तुम्ही. फेका ही."

"हलले नाही हो मी!"

पडद्यापलीकडे माणसं हसली...

रांगेत कुणीच नव्हतं.

आत्याने रडत रडत सगळं सांगितलं. डॉक्टरांना, मग सुनेच्या दारात उभं राहून सुनेला. सुनेने दार लावून घेतलं. आत्या अजून त्या गल्लीतून जात नाही.

परवा त्या खाटेवर मी होतो. माझी पट्टी पाहता पाहता आत्या थांबली.

"हललास का रे?"

मी तोंड उघडणार, एवढ्यात माझ्या उशाशी कुणीतरी हळूच म्हणालं...

"तो हलला नाही, बाई."

आत्याने शरमेने मान खाली घातली. मग पट्टी घेऊन डॉक्टरांकडे धावत सुटली.